लाल गाळ आणि भाताचं खाचर

गोव्यात डिचोली, सांगे तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणींचा लाल गाळ पावसात वाहून भातशेतीत उतरला. त्यातलं लोह बहुतांशी ऑक्साइडच्या रूपात असतं, पाण्यात सहसा विरघळत नाही. म्हणून ते निरुपद्रवी ठरवायचं का? मुळीच नाही. खाचरात पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू ऑक्साइडमधल्या फेरिक लोहाचं विद्राव्य फेरस लोह करतात. मुळं ते शोषतात, पानांवर तांबूस ठिपके उठतात. ओढ्यात उलटं घडतं: विरघळलेलं लोह हवा लागताच साकळतं, माशांच्या कल्ल्यांवर बसतं. त्यामुळे नुसतं एकूण लोह मोजून भागत नाही. विरघळलेलं किती, आम्लता किती, ऑक्सिजन किती, हेही पाहायला हवं. आणि नमुने भर पावसातही घ्यावेत, कारण गाळ मुख्यतः तेव्हाच वाहतो.