तीन वर्षांचे रविवार

श्रोतेहो, मी बी.ए. झालेला कवी. आकड्यांशी माझा संबंध मात्रा मोजण्यापुरता. तरी आज एका संख्येविषयी बोलणार आहे.

लहानपणी अम्मी आम्हा भावंडांत खारका वाटायची. बारा असल्या की तिघे असोत वा चौघे, वाटण्या सारख्या होत. तेरा निघाल्या की कुरकुर ठरलेली. तेरा ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच नि:शेष भाग जात नाही.

मोठ्या मूळ संख्या शोधण्याची एक जुनी वाट आहे. दोन हा आकडा काही वेळा घेऊन गुणाकार करायचा आणि त्यातून एक वजा करायचा. तीनदा घेतला तर आठ, वजा एक, सात. पाचदा घेतला तर एकतीस. दोन्ही मूळ. पण अकरा वेळा घेतला तर येतात २०४७, आणि ते २३ गुणिले ८९ निघतात. वाट फसवीही आहे.

मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली एक यादी दिली. दोन किती वेळा घेतला म्हणजे मूळ संख्या मिळते, याची. तीत ६७ होता आणि १२७ही होता. सिद्धता मात्र नव्हती.

१८७६ साली एदुआर ल्युका यांनी भाजक न शोधताच पारख करण्याची रीत काढली. पुढे लेहमर यांनी ती सोपी केली. चारापासून सुरुवात. वर्ग करा, दोन वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. एकतीससाठी अशा तीन फेऱ्या: पहिलीत चौदा, दुसरीत १९४, बाकी आठ, तिसरीत ६२, बाकी शून्य. शून्य आले म्हणजे संख्या मूळ!

ल्युकांच्या पारखीत १२७ची ३९ अंकी संख्या खरी उतरली. १९५१पर्यंत तीच माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. ६७ची मात्र मूळ नव्हती. पण तिचे भाजक कोणते, ते ल्युकांनाही सापडले नाहीत.

१९०३ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. सांगतात, की त्यांनी एक शब्दही न बोलता आधी दोन सदुसष्ट वेळा गुणून एक वजा केला. मग शेजारी १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ मांडले. दोन्हीकडे एकच उत्तर आले: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. कोल जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. हे शोधायला किती वेळ लागला, असे विचारल्यावर ते म्हणाले म्हणे, तीन वर्षांचे रविवार.

आम्हा कवींना दाद आधी मिळते. तपासणी नंतर, कधी कधी होतच नाही. म्हणून हा किस्सा मला बोचतो. मर्सेनने ६७ आणि १२७ एकाच यादीत, सारख्याच खात्रीने लिहिले होते. त्या खात्रीवरून खरे कोणते, हे ओळखता आले नसते. ते कळायला कुणाला तरी आपले रविवार द्यावे लागले.