कथेतील शृंगार आणि कथेतील माणसे



आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हांला दोन प्रकारची माणसे भेटली. पहिली म्हणाली, “जरा जपून बोला, मुलीबाळी येतात.” दुसरी म्हणाली, “जपून बोलणार असाल तर आम्ही येत नाही.” दोघांच्याही मनात प्रश्न एकच होता: किती? कथेत शृंगार किती असावा, हा प्रश्न आपल्याकडे आमटीतल्या मिठासारखा चवीपुरता विचारला जातो. आमचे म्हणणे असे की, येथे मापच चुकले आहे.

महाराष्ट्राने या वादापायी कोर्टाची पायरीही चढून पाहिली आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली लेखक निर्दोष सुटले. सबंध कृती नजरेपुढे ठेवली पाहिजे, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले. लेखक सुटला याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु अमुक लेखन गुन्हा आहे की नाही, एवढेच न्यायालय सांगू शकते. ते कथा झाले आहे की नाही, हे ठरवणे तुमच्याआमच्याकडे उरते, आणि तेथे वकील देता येत नाही.

आपल्या जुन्या पंडितांनी हा प्रश्न जास्त शहाणपणाने हाताळला होता. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या आठव्या सर्गात शिवपार्वतींचा संभोगशृंगार वर्णिला. त्यावर आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त आक्षेप घेतला. हा आक्षेप फार उघडे लिहिले असा नव्हता. ही पात्रे कोण आहेत, त्यांच्या ठायी हे उचित आहे काय, असा होता. आणि लगेच त्याने हेही कबूल केले की, कवीची शक्ती एवढी मोठी आहे की हे अनौचित्य वाचकाला जाणवत नाही. हा निवाडा मान्य करा वा न करा, पण त्याचा रोख पाहा. तो ‘किती’ विचारत नाही, ‘कोणाचे’ विचारतो.

हीच कसोटी आम्ही आजच्या कादंबरीला लावतो. शृंगाराचे एखादे पान घ्यावे, त्यातली नावे खोडावीत आणि शेजारच्या कादंबरीतली घालावीत. पान जसेच्या तसे चालले, तर ते लेखकाने लिहिलेलेच नाही. ते बाजारातून तयार आणले आहे. अशा पानांत स्त्रीला केस असतात, ओठ असतात, थरथर असते; फक्त कालपर्यंतचे आयुष्य नसते. उंबऱ्याबाहेर तिला सासू होती, कर्ज होते, एक हट्टी स्वभाव होता. आत आल्याबरोबर हे सगळे चपलांसारखे बाहेर काढून ठेवले जाते.

याच्या उलट एक उदाहरण सांगतो. फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ १८५६ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकातून क्रमशः आली आणि १८५७ मध्ये तिच्यावर खटला होऊन ती सुटली. संपादकांनी छापतानाच जो प्रसंग गाळला होता, तो रुआँ शहरातील भाड्याच्या घोडागाडीचा. एम्माने आदल्या रात्री लिओंला नकाराचे लांबलचक पत्र लिहिले आहे. ते देण्यासाठी ती चर्चमध्ये येते आणि अखेर त्याच्यासह गाडीत बसते. यापुढे वाचकाला दिसते काय? ओढलेले पडदे. घामाघूम, तहानलेला गाडीवान. तो थांबू पाहतो की आतून पुरुषी आवाज खेकसतो, चल! गाडी तासन्‌तास गावभर फिरते. मध्येच पडद्याखालून एक उघडा हात बाहेर येतो आणि कागदाचे कपटे वाऱ्यावर सोडतो. ते तेच नकाराचे पत्र! सारा प्रसंग त्या कपट्यांत आहे. दुसऱ्या कोणत्याही बाईला त्या गाडीत बसवता येणार नाही, कारण ते पत्र दुसऱ्या कोणी लिहिलेले नाही.

यावरून कोणी म्हणेल, म्हणजे पडदा ओढला की झाले! तसे मुळीच नाही. पडदा ही मराठी कथेची जुनी खोड आहे. दिवा मालवतो, पाऊस कोसळतो, रातराणी घमघमते, मग पाच टिंबे आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. या टिंबांतही तीच बाजारी स्त्री असते, फक्त अंगभर पदर घेतलेली. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’वर १९३३ मध्ये गदारोळ झाला तो काही अंगप्रत्यंगांच्या वर्णनांमुळे नव्हे. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींना इच्छा असते आणि ती कुढत राहते, एवढे एका स्त्रीने लिहिले होते. लोक दचकले ते त्या मुली ओळखीच्या निघाल्या म्हणून.

आता आमचीच गोष्ट. आमच्या एका दीर्घकथेत नवरा सात वर्षे आखातात नोकरी करून कोकणातल्या घरी परततो. त्या रात्री आम्ही दिवा मालवला आणि टिंबे दिली. पुढे एका गावी व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारले, “इतक्या वर्षांनी आलेला, जवळजवळ परकाच माणूस. खोलीत जाताना तिला भीती वाटली का हो?” आम्ही सूचकतेवर चार वाक्ये ठोकून दिली. एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहताना लक्षात आले, आपल्यालाच ठाऊक नव्हते. टिंबे वाचकाच्या सुसंस्कृतपणासाठी नव्हती. आमचे अज्ञान झाकण्यासाठी होती.

संग्रह करताना ती रात्र पुन्हा लिहिली. तो अंधारात दिव्याचे बटण चाचपतो. पण त्याच्या मागे तिने बोर्ड दुसऱ्या भिंतीवर घेतलेला आहे. ती त्याचा हात धरून नव्या जागी नेते आणि दिवा लावते, मालवत नाही. पुढची दोन पाने उजेडातली आहेत. त्यांत तिची भीती आहे, रागही आहे आणि इच्छाही आहे. आम्ही आडपडदा ठेवला नाही. घरच्या काही मंडळींना ते जास्त वाटले. त्या बाईंचे मात्र पत्र आले: “आता ती बाई कळली. पण दुसऱ्या पानावरचे शेवटचे वाक्य तुमचे आहे, तिचे नाही.”

पान उघडून पाहिले. वाक्य चांगले सजवलेले होते, चांदणे वगैरे होते. दुसऱ्या आवृत्तीत ते काढले आहे.