आधी पैसा विचारा, मग विषय
(संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



इथं बसलेल्या निम्म्यांना पीएच.डी. करायचीय. कुणी एम.ए. होऊन शिकवण्या घेतोय, कुणी कुरिअरच्या पिशव्या वाहतोय. भेटला की सांगतो, गाईड मिळाला, विषय मिळाला. मी विचारतो, आणि पैसा? तो खाली बघतो. ज्ञानाच्या दारात पैसा विचारणं हलकं, असं आपल्याला शिकवलंय. शिकवलं कुणी? ज्यांच्या घरात तीन पिढ्या पेन्शन येतेय त्यांनी. त्यांच्या पोराला पाच वर्षं घर पोसतं. आपल्या पोराला पाच वर्षं घर पोसावं लागतं.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. मुदत संपली तसा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली परतावं लागलं. १९२० साली पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेऊन. तेव्हा कुठं १९२३ ला डी.एस्सी. झाली. एवढा मेंदू, पण पैसा थांबला तिथं प्रबंध थांबला. मग तुम्ही-आम्ही कोण लागून गेलो?

आता कामाचं बोलू.

नेट द्याल ती जेआरएफसाठी द्या. २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० आहे. नुसत्या पात्रतेच्या कागदावर यातला एक रुपया मिळत नाही. अनुसूचित जातींची राष्ट्रीय फेलोशिपही नेटच्या निकालावरच ठरते. बार्टीची फेलोशिप पीएच.डी.ची नोंदणी झाल्यावर मिळते, म्हणजे तोवर पोट तुमचंच. आणि तीही लढून. २०२३ साली पात्र ८६१ जणांपैकी २०० जणांनाच देऊ म्हणाले, तेव्हा पोरं-पोरी आझाद मैदानात बसली. प्राध्यापकाच्या प्रकल्पातही जागा निघतात. तिथं एकच विचारा, प्रकल्प संपल्यावर माझं काय?

बाहेरचं गणित वेगळं. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे इथं पीएच.डी.ची जागा बहुधा नोकरीसारखी निघते. जाहिरात, करार, पगार. अमेरिकेत चांगला विभाग फी माफ करतो आणि वर्गात शिकवायला लावून स्टायपेंड देतो; अर्ज बहुतेक डिसेंबरच्या आसपास. तेव्हा नुसतं प्रवेशाचं पत्र आलं म्हणून पेढे वाटू नका. पत्रात पैशाचा आकडा नसेल तर ते बिल आहे, बिल!

आपल्या सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे, १२५ जागांची, त्यात ११५ अनुसूचित जातींच्या. पण २०२२ च्या नियमांनी भारताची संस्कृती, इतिहास, समाज हे विषयच वगळले. जातीचे चटके सोसणाऱ्यानं जातीवर संशोधन करायचं नाही, काय न्याय आहे! म्हणून असा विषय असेल त्यानं परदेशी विभागाच्याच पैशाच्या जागा शोधाव्यात.

आणि मंजूर झालेला पैसा हातात पडेलच असं समजू नका. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिने थकलेल्या फेलोशिपचा हिशेब आहे. पैसा थकवणं हा नुसता कारकुनी घोळ नसतो. माणूस वाकवायचं ते हत्यार आहे.

म्हणून गाईडला, विभागाला, परदेशी प्राध्यापकाला बेधडक विचारा. पैसा कोण देणार? किती? किती वर्षं? पहिला हप्ता कधी? थकला तर दाद कुणाकडे? उत्तर लेखी घ्या. प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यानिशी ठेवा. एकट्यानं खिडकीवर जाऊ नका, चौघं जा. आणि ज्याला जाहिरात दिसेल त्यानं ती खिशात दडवू नये, शेवटच्या तारखेसकट होस्टेलच्या भिंतीवर लावावी. आपल्यात माहिती लपवणारा भट नको.

कुणाकडे भीक मागत नाही आपण. आपल्या आयांनी उचललेल्या घमेल्यांचा, भरलेल्या करांचा हा पैसा आहे. तो मोजून घ्या आणि प्रबंध पुरा करा.