आधी खरवड, मग औषध

पशुवैद्यक बंधुभगिनींनो,

अध्यक्षपदाच्या या जागेवरून एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे.

नोकरीच्या सुरुवातीची वर्षं. एका काकूंच्या संकरित गाईची कास सुजली, दुधात गाठी आल्या. मी सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली. गुण येईना म्हणून औषध बदललं, पुन्हा बदललं. शेवटी दूध तपासायला पाठवलं, तर अहवालात कँडिडा ही बुरशी. बुरशीवर प्रतिजैविक चालत नाही. तिला आवर घालणारे जिवाणू मात्र त्याने मरतात. शिवाय सडाचं टोक नीट पुसलं नसेल, तर ट्यूबबरोबर बुरशीही आत जाते. औषधं थांबवली, दिवसातून अनेकदा कास पिळून रिकामी केली, तेव्हा गाय सावरली. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, मग एवढ्या ट्यूबा कशाला सोडल्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती तपासणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

बुरशीची पेशी रचनेने जनावराच्या पेशीला जवळची. म्हणून बुरशीला मारून जनावराला न दुखावणारी औषधं मोजकीच आहेत. बहुतेकांचा रोख एर्गोस्टेरॉलवर असतो, कारण ते बुरशीच्या पेशीपटलात असतं, आपल्या पेशींत नाही. ग्रिझिओफुल्विन हे औषध वेगळ्या वाटेने, पेशीविभाजन रोखून काम करतं. ते 1939 मध्ये वेगळं केलं गेलं, पण तोंडावाटे दिल्यास नायटा बरा होतो हे संशोधक जेंटल्स यांनी 1958 मध्ये दाखवलं, तेही गिनीपिगवर. माणसाआधी गुण जनावराला आला, याचा मला अभिमान वाटतो. मात्र गाभण मांजरीला ते देऊ नका, पोटातल्या पिलांत व्यंग येतं.

आज आपल्या देशात माणसांतला नायटा अनेकदा टर्बिनाफिन या बुरशीनाशकालाही दाद देईनासा झाला आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी हे त्या बुरशीचं नाव. स्टेरॉइड मिसळलेली मलमं दुकानातून सर्रास नेली जातात. खाज थांबते, बुरशी पसरत राहते. घरातली तीच अर्धी ट्यूब वासराच्या डोळ्याभोवती चोळलेली मी पाहिली आहे.

त्या वासराकडे जरा नीट पाहा. डोळ्याभोवती, मानेवर राखाडी, जाड खपल्यांची वर्तुळं. डाग स्पिरिटने पुसा, वाळू द्या आणि कडेची खपली केसांसकट खरवडा. मधली नको, जिवंत बुरशी कडेला असते. काचपट्टीवर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर झाकणकाच, थोडा धीर. मग केसाभोवती मण्यांच्या माळेसारखे बीजाणू दिसतात. वूडच्या अतिनील दिव्यावर विसंबू नका. मांजरातली मायक्रोस्पोरम कॅनिस त्यात बरेचदा हिरवी चमकते, वासरातली ट्रायकोफायटन व्हेरुकोसम चमकत नाही. असं वासरू बहुधा काही महिन्यांत आपोआप बरं होतं, पण तोवर दावणीच्या लाकडावर बीजाणू साठतात, वर्षानुवर्षं टिकतात आणि धार काढणाऱ्याच्या हातावरही नायटा उठतो. म्हणून मलमाइतकीच गोठ्याची सफाई महत्त्वाची, आणि घरच्यांना हातमोजे सांगणं हेही आपलंच काम.

याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. सूक्ष्मदर्शक, काचपट्टी, त्या द्रावणाची एक बाटली. तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात एवढं तरी असावं, ही शासनाकडे माझी मागणी आहे. आणि तुम्हाला विनंती : उद्या दवाखान्यात खपल्यांचं पहिलं वासरू येईल, तेव्हा चिठ्ठी लिहिण्याआधी त्याची खरवड घ्या.