ज्वालेतील नायट्रोजन

हवेच्या शंभर भागांपैकी ७८ भाग नायट्रोजन असतो आणि ज्वलनाच्या प्रसंगी तो तटस्थ राहतो, असे आपण शाळेत शिकलो. साध्या ज्योतीपुरते ते बहुतांशी खरेही आहे. परंतु त्याच हवेतून निमिषमात्र विद्युत् विसर्जन घडवले, की हा त्रयस्थ कामाला लागतो.

इंधन व ऑक्सिजन यांचे रेणू नुसते शेजारी असून भागत नाही. हायड्रोजनाचा एखादा मुक्त अणू ऑक्सिजनाच्या रेणूवर आदळावा लागतो. त्यातून ऑक्सिजनाचा अणू व हायड्रॉक्सिल मूलक असे दोन क्रियाशील कण निपजतात. एकाचे दोन, दोहोंचे चार. अशा शृंखला विक्रियांचा मागोवा घेणाऱ्या सेम्योनोव्ह व हिन्शेलवुड यांना १९५६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण पहिले कण आणायचे कोठून? मोटारीतील स्पार्क प्लग ते मुख्यतः उष्णतेच्या जोरावर मिळवतो. मिश्रणात इंधन फार थोडे असले, तर ज्वालेचा हा अंकुर पुष्कळदा जागीच विझतो.

आता तेच विसर्जन सेकंदाच्या काही अब्जांशांत आटोपले, तर? हलके इलेक्ट्रॉन तेवढ्यातही काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळवतात. एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे तापमानाच्या भाषेत सुमारे ११,६०० केल्व्हिन. जड रेणूंना मात्र तापायला सवड मिळत नाही. या अवस्थेला आयनद्रायू म्हणावे. ‘प्लाझ्मा’ हा शब्द रूढ आहे खरा, पण रक्तातील प्लाझ्म्याशी त्याची गल्लत होते. तर या आयनद्रायूतील इलेक्ट्रॉन नायट्रोजनाला उत्तेजित करतात आणि उत्तेजित नायट्रोजन ऑक्सिजनाच्या रेणूचे दोन तुकडे करतो. ज्या अणूंसाठी एरवी प्रखर उष्णता लागते, ते जवळजवळ थंड वायूत हाती येतात! इंधन थोडे असलेली ज्वालाही मग तग धरते. उंच आकाशात विझलेले जेट इंजिन पुन्हा पेटवण्यासाठी संशोधकांना या पद्धतीचे आकर्षण वाटते, ते यामुळेच.

याची किंमत मात्र आहे. उत्तेजित नायट्रोजनाला ऑक्सिजनाचा सुटा अणू भेटला, तर नायट्रिक ऑक्साइड तयार होऊ शकते. कमी इंधनाची, कमी तापणारी ज्वाला आपण पसंत करतो ती हा विषारी वायू टाळण्यासाठीच! म्हणून ज्योत टिकली एवढ्यावर प्रयोग यशस्वी मानणे मला पटत नाही. विजेचा प्रत्येक जादा स्पंद देताना बाहेर पडणाऱ्या वायूतील नायट्रिक ऑक्साइडही मोजले पाहिजे.