दोन लिपींचे नगर



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम वंदन करतो. व्यवस्थापकांनी विषयाचे स्वातंत्र्य दिले, तेव्हा भाषा आणि साहित्य यांच्या कक्षेबाहेरचा वाटेल, पण वस्तुतः त्यांच्याशी निगडित असलेला एक विषय मी निवडला. नगराने उघड्यावर, सर्वांसाठी उभारलेली कला हा तो विषय होय.

अलीकडे प्रत्येक शहराला चौक सजवण्याची हौस आली आहे. पुतळे, कारंजी, भिंतीवरील चित्रे, शहराच्या नावाची मोठाली अक्षरे सर्वत्र उभी राहत आहेत. या हौसेला माझा विरोध नाही. नगराने स्वतःचे कौतुक करू नये असे कोण म्हणेल? मात्र ते कौतुक कोणाचे, कोणी ठरवलेले आणि कोणत्या भाषेतले, हे प्रश्न विचारायला हवेत. त्यांची उत्तरे आपल्याच बऱ्हाणपुरात चारशे वर्षांपूर्वी दगडावर लिहिलेली आहेत.

आपली जामा मशीद पाहा. फारूकी सुलतान आदिलशाह, म्हणजे राजा अली खान, याने ती बांधली. पंधरा कमानींची ओळ आणि दोन उंच मिनार आपल्याला परिचित आहेत. परंतु आत गेल्यावर अरबी लेखाच्या जोडीला देवनागरीत कोरलेला एक संस्कृत लेख आढळतो. त्यात शके 1511, विक्रम संवत 1646 असा काल दिला आहे. इसवी सनाच्या हिशेबाने हे 1590 च्या आरंभाचे दिवस होत. लेखाचा प्रारंभ सृष्टिकर्त्याला नमन करून होतो, पुढे फारूकी राजवंशाची परंपरा येते आणि शेवटी पंचांगाच्या परिभाषेत मुहूर्त नोंदला जातो. मशिदीत पंचांग! हा केवळ सौजन्याचा भाग नव्हे. ज्या नगरात अरबी जाणणारे आणि संस्कृत जाणणारे दोघेही राहतात, त्या नगराची मोठी वास्तू दोघांनाही वाचता यावी, असा विचार त्यामागे आहे.

या लेखानंतर थोड्याच वर्षांत, 1601 मध्ये, असीरगड अकबराच्या हाती पडला आणि खानदेशचे स्वतंत्र राज्य संपले. याच मशिदीवर विजेत्याचा लेखही कोरला गेला. एकाच वास्तूवर दोन प्रकारचे लेख आहेत. एक सांगतो, ‘येथे कोण राहते’. दुसरा सांगतो, ‘येथे कोण जिंकले’. सार्वजनिक कलेचे हे दोन मार्ग आहेत. दुसरा मार्ग सोपा असतो, कारण त्याला एकाच व्यक्तीचे नाव पुरते. पहिल्याला शेजाऱ्यांची नावे ठाऊक असावी लागतात.

तिसरे उदाहरण तापीच्या पात्रातील दगडी हत्तीचे. सतराव्या शतकात आलेल्या थेव्हनो नावाच्या फ्रेंच प्रवाशाने आपल्या वृत्तांतात त्याचे वर्णन केले आहे. बादशहा शाहजहानचा आवडता हत्ती तेथे मेला, म्हणून त्याने ही प्रतिमा उभारली, असे त्याला कळले होते. हिंदू लोक तिला रंग फासतात, असेही तो नोंदवतो. एका राजाचा खाजगी शोक! परंतु लोकांनी रंग लावला आणि तो हत्ती लोकांचा झाला. मूर्ती कोणी बसवली यापेक्षा तिला रंग कोणी लावला, हे अधिक महत्त्वाचे ठरले.

आता जमिनीखाली चला. 1615 च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, इराणी जाणकाराच्या साहाय्याने, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी भूमिगत वाहिन्यांतून नगरात आणण्यात आले. मूळ भांडारा, सुखा भांडारा, चिंताहरण अशी त्या व्यवस्थेतील भांडारांची नावे आपल्या तोंडी आहेत. खूनी, अथवा कुंडी, भांडाऱ्याच्या शंभराहून अधिक कुंड्या एका रांगेत उभ्या आहेत. वाहिनीत हवा खेळावी, गाळ काढता यावा, म्हणून त्या आहेत. ना नक्षी, ना पुतळा. तरीही त्या ओळीइतकी देखणी सार्वजनिक रचना मला दुसरीकडे कमी दिसली. 2024 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तिचा समावेश झाला. यादीत नाव आले, हे समाधानाचे आहे. पण कुंडीत कचरा पडू न देणे हे युनेस्कोचे काम नाही, ते आपले आहे. जुने जपल्यावाचून नवे उभारणे म्हणजे आई-वडिलांना उपाशी ठेवून त्यांचे तैलचित्र भिंतीवर टांगणे होय.

आणि विणकर? टॅव्हर्निये या प्रवाशाने बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्थान, रशिया, पोलंड, अरबस्तान, कैरो येथपर्यंत जात असल्याचे लिहिले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ताप्ती मिल आली, पुढे यंत्रमाग आले. हे नगर राजांनी वसवले असेल; ते टिकवले मागाने. आपल्या चौकांतील सन्मानाच्या जागा ठरवताना धोट्याला आणि भोंग्याच्या वेळा पाळणाऱ्या कामगाराला किती जागा मिळते, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा.

बाहेरची दोन उदाहरणे देतो. मुंबईच्या काळा घोडा चौकातून सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये हलवला गेला. राजा गेला, पण लोकांच्या जिभेवर चौकाचे नाव घोड्याचेच राहिले. 2017 मध्ये तेथे पुन्हा घोडा उभा राहिला, या वेळी स्वाराविना. लोकभाषेने राजाला खाली उतरवले, असेच म्हणावे लागेल. दुसरे उदाहरण अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचे. भिंती विद्रूप करणाऱ्या तरुणांना शासन करण्याऐवजी 1984 पासून त्यांच्याच हाती मोठी चित्रे रंगवण्याचे काम देण्यात आले आणि त्यातून भित्तिचित्रांची एक चळवळच उभी राहिली. वस्तीने रंगवलेली भिंत वस्ती राखते.

शेवटी आपल्या मराठीविषयी. 1760 मध्ये बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे राहिले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत ते मध्य प्रदेशात राहिले. रावेर, जळगाव हाकेच्या अंतरावर, पण सीमेपलीकडे! घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी उर्दू आणि गुजराती, असे आपले जगणे आहे. अशा नगरात केवळ मराठीचे स्मारक मागणे मला अनुचित वाटते. मात्र जेथे नगराची भाषा कोरली जाईल तेथे एक ओळ मराठीची नसणे हेही तितकेच अनुचित. 1590 च्या शिल्पकाराला हे समजले होते. आपल्याला समजू नये काय?

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे एक छोटी सूचना ठेवतो. पुतळ्यासाठी वर्गणी जमवू नका. दरवर्षी नववीच्या वर्गाने नगरातील एक जुनी वास्तू निवडावी, तिची माहिती वृद्धांकडून व ग्रंथांतून गोळा करावी, आणि मराठी, हिंदी व उर्दू अशा तीन भाषांत एक साधा फलक सिद्ध करावा. पुरातत्त्व खात्याची व नगरपालिकेची रीतसर अनुमती घेऊन तो वास्तूच्या हद्दीबाहेर लावावा. खर्च अल्प आहे. श्रम मात्र पुष्कळ आहेत, कारण तीन भाषांतील मजकूर एकत्र बसून लिहावा लागेल. ते एकत्र बसणे हीच या योजनेतील खरी कलाकृती ठरेल. दहा वर्षांत दहा फलक होतील आणि ते वाचून दाखवणारी मुले शेकड्यांनी असतील.