'फिरोज' : एका नावाचा प्रवास



'फिरोज' हे नाव कानावर पडलं की आपण लगेच माणसाचा धर्म ठरवून मोकळे होतो. ही घाई किती चुकीची आहे, ते या नावाचा इतिहासच सांगतो.

हे नाव मूळचं इराणचं. मध्य फारसीत 'पेरोज' म्हणजे विजयी. या नावाच्या सासानी बादशहाने इ.स. 459 ते 484 राज्य केलं. तो जरथुश्त्री होता. इस्लामचा उदय त्यानंतर सव्वाशे वर्षांनी झाला. नाव विजयी, पण श्वेत हूणांशी लढताना तो मारला गेला!

पुढे अरबांनी इराण जिंकला. अरबीत 'प' हा ध्वनी नाही. म्हणून 'पारसी'चं 'फारसी' झालं, तसं 'पेरोज'चं 'फिरोज'. इराणी लोक मुसलमान झाले, पण जुनी नावं त्यांनी टाकली नाहीत. तेच नाव दिल्लीत फिरोजशहा तुघलकाने (1351-1388) आणि आपल्या दख्खनमध्ये फिरोजशहा बहमनीने (1397-1422) लावलं. अंगठीतला फिरोजा खडाही याच शब्दातला.

पारशी समाजानेही ते जपलं. सर फिरोजशहा मेहता आणि फिरोज गांधी पारशीच. पिरोजशा गोदरेज यांच्या नावात तर मूळचा 'प' अजून शाबूत आहे.

आता माझ्या क्षेत्रातली गोष्ट. इंग्रजीत हे नाव कुणी 'एफ'ने लिहितं, कुणी 'पीएच'ने. पुढे कुणी एक 'आय', तर कुणी दोन 'ई'. माणसाला हे एकच नाव वाटतं, पण अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या संगणकाला ती वेगवेगळी माणसं दिसतात. आधारवर एक स्पेलिंग आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं असेल, तर शिष्यवृत्तीचा अर्ज तिथेच अडकतो. म्हणून पालकांनी पहिल्या दाखल्यापासून एकच स्पेलिंग ठेवावं. आणि आम्ही प्रणाली लिहिणाऱ्यांनी उच्चारावरून जुळणी करावी. शंका आली तर अर्ज फेटाळण्याऐवजी माणसाकडे तपासायला पाठवावा.

दुसरी अडचण मात्र कोडने सुटणारी नाही. घर भाड्याने देताना नाव ऐकून दार बंद होतं, तेव्हा एवढं लक्षात ठेवा : आपल्या गावच्या गुलाबरावांच्या नावातला 'गुलाब'ही फारसीच आहे. त्यांना कुणी परकं म्हणत नाही. मग फिरोजला का म्हणावं?